आमच्या मागचं जंगल पाण्यामुळे वाचलं

मागच्या मंगळवारी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंड वॉलवरून बिबट्या चालत गेला. सीसीटीव्हीत आलंय. भिंतीची वरची कड जेमतेम वीतभर रुंद, तिच्यावरून तो असा सावकाश चालत आला जसं काही रोजचंच आहे, पंपरूमच्या पत्र्यापाशी थांबला, खाली वॉचमनची रिकामी प्लास्टिकची खुर्ची होती तिच्याकडे बघितलं, शेपटीचं टोक एकदा हलवलं आणि पलीकडे उडी. एकूण एकोणीस सेकंद. वॉचमन कुठे होता हा वेगळा विषय आहे, तो जनरल बॉडीत येईलच.

सकाळी ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज. निम्मे लोक म्हणतायत पिंजरा लावा, पकडून न्या, मुलं खेळतात इथे. उरलेल्यांनी तो नेहमीचा फॉरवर्ड टाकला की तो आपल्या घरात नाही, आपणच त्याच्या घरात शिरलोय, खाली हात जोडलेले. मला दोन्ही वाचून सारखाच वैताग आला. पहिलेवाल्यांना काय सांगायचं ते पुढे येईलच, पण दुसरेवाल्यांचा फ्लॅट पार्किंगसकट दोन कोटीचा आहे आणि ते काही त्याचं घर सोडून जाणार नाहीयेत. मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथे लिहितेय.

तर आम्ही बोरिवली ईस्टचे, जन्मापासून. इथे कुणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणत नाही. नॅशनल पार्क. रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगायचं. बाबा पहाटेचा पास काढून जायचे, आम्ही रविवारी त्यांच्या मागे, गांधी टेकडीपर्यंत चढायचं, उतरताना वनराणीत, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीत बसायचं, गेटबाहेर काकडी नाहीतर करवंदं. लहानपणी मला वाटायचं प्रत्येक शहराला मागे एक असं जंगल असतं, जसं घराला मागचं दार असतं. कॉलेजात पुण्याची मैत्रीण म्हणाली काय गं तुमच्याकडे खरंच बिबट्या असतो, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे काहीतरी विचित्र आहे. शंभरावर तीन-चार चौरस किलोमीटरचं जंगल, एका बाजूला बोरिवली-कांदिवली-गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड-ठाणे, मधे डोंगर, सगळ्यात उंच जांभुळमाळ ४६८ मीटर. आणि जमिनीचा भाव काय ते तुम्हाला माहितीये. एवढी जागा मुंबईत बिल्डरच्या हाती न लागता उरली कशी, हा प्रश्न मला लहानपणी पडायला हवा होता, तो चाळिशीत पडला.

माझं उत्तर असं, की प्राण्यांच्या प्रेमामुळे नाही उरली. पाण्यामुळे उरली.

पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांत कधी भर पावसात गेलायत का? उन्हाळ्यात जाऊ नका, दगड तापतो आणि माकडं पिशवी ओढतात. मागच्या जुलैत लेकीला घेऊन गेले होते. चैत्यगृह वगैरे सगळे बघतातच, अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर ४१ नंबरच्या लेण्यात आहे तोही बघाच, पण मी तिला दाखवत होते ते पायाखालचं. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारापाशी कातळात खोदलेलं चौकोनी टाकं आहे. वरच्या उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी आपोआप त्या टाक्यात उतरतं. लेकीने पन्हळीत वाळकं पान सोडलं आणि त्याच्या मागे मागे उतरत गेली, पान वळणावर अडकलं, मग सुटलं, आणि टाक्यात जाऊन गोल गोल फिरायला लागलं. सातवाहनांच्या काळात कुणीतरी बसून ठरवलेला तो उतार अजून चुकत नाहीये, आणि आमच्या गच्चीवरचं पाणी आउटलेट सोडून जिन्यात येतं.

तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. लेणी खोदायला जसं दान दिलं तसं पोढीसाठीही लोकांनी दान दिलं, कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी. शंभराच्या वर लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून पुढे हजारेक वर्षं तिथे भिक्खूंचा राबता, आणि तो चालला कारण डोंगर पाणी धरून ठेवत होता. एका लेण्यात जुन्या इराणी पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवलीत, १००९ आणि १०२१ सालची. म्हणजे भिंतीवर नाव लिहून जायची खोड हजार वर्षं जुनी आहे. फक्त त्यांनी तारखेसकट नीट लिहिलंय आणि आत्ताच्यांनी बाण घुसलेलं हृदय काढलंय.

मग मधला मोठा काळ मी सोडून देते, पोर्तुगीज आले, गेले, इंग्रज आले. इंग्रजांची मुंबई वाढत चालली आणि पाणी पुरेना. विहिरी आणि तळ्यांवर किती दिवस चालणार, उन्हाळ्यात तीही आटायची. शेवटी मिठीच्या उगमापाशी बांध घालायचं ठरलं, १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६० ला विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. मुंबईचं पहिलं नळाचं पाणी हे. तेही पुरलं नाही, म्हणून वर अजून एक तलाव, तुळशी, १८७९ ला तयार.

आता तलाव बांधला की त्याच्यात पाणी येणारा डोंगर स्वच्छ राहायला हवा. तिथे वस्ती नको, गुरं नकोत, लाकूडतोड नको, कारण सगळी घाण खाली नळात येणार. म्हणून तलावांच्या पाणलोटाची जमीन ताब्यात घेतली आणि लोकांना बंद केली. कुणाच्या मनात बिबट्या नव्हता हो. बिबट्या काय, वाघ दिसला तर गोळी घालत होते, मुंबईतला शेवटचा वाघ १९२९ साली विहारच्याच आसपास मारला गेला. जंगल राखलं ते साहेबाला घरात नळ सोडल्यावर गढूळ पाणी नको होतं म्हणून. अजूनही तुळशी आणि विहारच्या काठावर आपल्याला सहज जाता येत नाही, आणि जंगलाचा सगळ्यात दाट भाग नेमका त्यांच्याच भोवती आहे.

नॅशनल पार्क हे नाव त्यावर बऱ्याच नंतर चिकटलं. अमेरिकेत यलोस्टोन १८७२ चं, जगातलं पहिलं म्हणतात, आपल्याकडे १९३६ ला हेली, म्हणजे आत्ताचं कॉर्बेट, महाराष्ट्रात १९५५ ला ताडोबा. इथे आधी कृष्णगिरी उपवन होतं, जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं, मग १९६९ मध्ये आजूबाजूची राखीव वनं त्याला जोडली गेली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७४ ला बोरिवली नॅशनल पार्क झालं, आणि संजय गांधींचं नाव ऐंशीच्या दशकातलं. शाळेत निबंधात आम्ही कृष्णगिरी उपवन लिहायचो, मार्क जास्त मिळायचे.

पण कागदावर नॅशनल पार्क झालं म्हणून डोंगर रिकामा होता असं नाही. वारली लोक तिथे या सगळ्याच्या आधीपासून आहेत, नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा, नावं घ्यावीत तेवढी थोडी. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात शहरात जागा न मिळालेले हजारो लोक कडेकडेने वर चढत गेले. आमच्याकडे कामाला यायच्या त्या मावशी अशाच डोंगरावर राहायच्या. १९९५ ला बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने हायकोर्टात याचिका केली, १९९७ ला कोर्टाने अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, आणि मग बुलडोझर. लाखांत माणसं होती तिथे. १९९५ च्या मतदारयादीत नाव असेल तर सात हजार रुपये भरा, दुसरीकडे जागा मिळेल, नसेल तर काहीच नाही. आणि ती जागा सुरुवातीला दाखवली कल्याणच्या बाजूला, म्हणजे बोरिवलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज तिथून यायचं.

मला त्या मावशींचा एक दिवस आठवतो. सकाळी नेहमीच्या वेळेला आल्या, भांडी घासली, ओटा पुसला, आणि जाताना आईला म्हणाल्या, "वहिनी, आज दुपारला येत नाय, घर तोडतायत." जसं काही पोराला दवाखान्यात न्यायचंय. सात हजाराची पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पिठाच्या डब्यात, असं किती वर्षं सांभाळलं. घरांसाठी लढणारे निवारा हक्कवाले वगैरे भांडत राहिले म्हणून पुढे चांदिवलीला संघर्षनगर झालं, मावशींना तिथे खोली मिळाली, पण तोवर त्यांचे मिस्टर गेले होते.

हे मी का सांगतेय, तर जंगल वाचवलं म्हणताना ते कुणाच्या खर्चात वाचलं हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे. याचिकेला मी चूक म्हणत नाहीये. तेव्हा ती झाली नसती तर आज मागच्या खिडकीतून हिरवं काही दिसलं नसतं, मला माहितीये. पण वर राहणाऱ्या मावशी अतिक्रमण, आणि हद्दीच्या भिंतीला चिकटून वर चढलेला आमचा टॉवर "फॉरेस्ट व्ह्यू", हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. ब्रोशरवर हरणाचं चित्र होतं.

आता बिबट्या. २००४ चा जून मला नीट आठवतो, कारण बाबांनी पास बंद केला होता. त्या एका महिन्यात पार्कच्या आजूबाजूला दहाच्या आसपास माणसं गेली. पिंजरे लागले, बिबटे पकडले, आणि लोकांना वाटलं प्रश्न सुटतोय. पण आधीच्या वर्षांत बाहेरून पकडलेले बिबटेही इथे आणून सोडले जात होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरकडे याचा अभ्यास केलाय, त्यातून दिसलं ते उलटंच होतं. बिबट्या उचलून अनोळखी जागी सोडला की हल्ले वाढतात, कमी होत नाहीत. त्याला तिथली वाट माहीत नाही, भूक कुठे भागेल माहीत नाही, आणि तो परत आपल्या घराकडे निघतो. आजोबा म्हणून एक बिबट्या होता, २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला, गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, तर हा गडी रेल्वे ओलांडून, हायवे ओलांडून, खाडी पोहून सव्वाशेएक किलोमीटर चालत इकडे आमच्याकडे आला. कुणाला हात लावला नाही वाटेत. २०११ मध्ये गाडीच्या धडकेने मेला.

म्हणून पिंजरा लावा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आपल्या भिंतीवरचा बिबट्या पकडून नेला तर त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो, तो कदाचित तरुण आणि अडाणी असेल, आणि नेलेला दुसऱ्या कुणाच्या तरी पोरांच्या जवळ सोडला जाईल. आपला निदान भिंतीवरून चालायला शिकलाय. २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि आपल्यासारखी माणसं मिळून मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (एसजीएनपी म्हणजे आपलंच नॅशनल पार्क) म्हणून काम सुरू झालं तेव्हापासून बरंच सुधारलं. कॅमेरे लावून मोजणी होते, २०१५ ला ३५ बिबटे होते, २०१८ ला ४७, आणि २०२४ च्या मोजणीत ५४. संख्या वाढली पण २००४ सारखं परत झालं नाही. याचा अर्थ सगळं गोड आहे असाही नाही, २०२२ च्या दिवाळीत पार्कला लागून असलेल्या आरे कॉलनीत एक तान्ही पोर बिबट्याच्या हल्ल्यात गेली, तिच्या आईला कुठली आकडेवारी सांगणार.

तो आपल्याकडे येतो कुत्र्यांसाठी. कुत्री येतात कचऱ्यासाठी. कचरा आपला. २०१८ मध्ये एका अभ्यासात हिशोब मांडला होता की इथले बिबटे वर्षाला दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारएक चावे टळतात. डॉगलव्हर लोकांनी माझ्यावर तुटून पडू नये, मी फक्त आकडा सांगतेय.

गेटबाहेर पावसाळ्यात एक वारली मावशी रानभाज्या घेऊन बसतात, शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, जे येईल ते. शेवळाबरोबर काकडं, म्हणजे आंबट फळं देतात, नाहीतर घसा खाजतो. त्यांना मी एकदा विचारलं, मावशी, पाड्यात बिबट्या येतो का? हसल्या. "येतो ना ताई. त्याची वाट हाय ती. रातच्याला आपण वाटेत बसायचं नाय, पोरांना भायेर सोडायचं नाय. वाघोबाला दरसाली कोंबडा देतो आमी." वाघोबाची शेंदूर लावलेली लाकडी पाटी तुम्ही पाहिली असेल, वर चंद्र-सूर्य, मधे वाघ. आमच्या सोसायटीच्या सर्क्युलरमध्ये चार पानांत जे आलं नाही ते मावशींनी शेवळं निवडता निवडता सांगितलं. आणि मला वाटतं पुस्तकात आपण ज्याला सहजीवन वगैरे म्हणतो त्यात प्रेम फार नसतं, शिस्त असते.

त्यांच्याकडूनच मला कारवीचं, उतारावरच्या त्या झुडपाचं, कळलं. म्हणजे फुलते हे माहीत होतं, आठ वर्षांनी एकदा, २००८ ला मी नवीन नवीन लग्न झालेली, नवऱ्याला मोठ्या उत्साहात घेऊन गेले तर तो म्हणाला वांग्याच्या रंगाचं आहे. २०१६ ला लेक कडेवर. २०२४ ला लेक स्वतःच फोन घेऊन पुढे. आख्खा उतार जांभळा आणि मधमाश्यांचा आवाज असा की ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यासारखं वाटावं. फुललं की झाड मरतं. मावशी म्हणाल्या पूर्वी त्या वाळलेल्या कारव्या आणून कुडाच्या भिंती करायचे, वर शेणमातीचा लिंपा, आता तोडता येत नाही. आणि म्हणाल्या, "बी ऐकायला या." मला कळेना. मग पुढच्या जूनच्या पहिल्या पावसात सकाळीच गेलो, सुकलेली काटक्यांसारखी झुडपं, पाणी पडलं आणि दोन मिनिटांनी चट्, चट्, चट् सगळीकडून. बोंडं ओली होऊन फुटतात आणि बी उडवतात. एक माझ्या चष्म्यावर येऊन आपटलं. नवराही यावेळी गप्प उभा होता.

आता मूळ मुद्दा, आणि इथे मला थोडी भीती वाटते. जंगल पाण्यासाठी राखलं, ठीक. पण आज मुंबईला रोज साधारण ३८०० ते ३९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, येतं भातसा, वैतरणा तिकडून, त्यात विहारचा वाटा ९० आणि तुळशीचा १८. दोन्ही मिळून शंभरात तीनसुद्धा नाहीत. म्हणजे ज्या कारणाने दीडशे वर्षं डोंगराला हात लागला नाही ते कारण हिशोबाच्या कागदावर चिल्लर झालंय. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्या इथूनच निघतात, २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्यातला इथला वाटा जंगलाने अडवला नसता तर काय झालं असतं याचा विचार करा, पण न आलेल्या पुराचं बिल कुणी बघत नाही.

म्हणून मग एकेक टोक कुरतडलं जातं. आरे नॅशनल पार्कमध्ये नाही, १९४९ ची दूध कॉलनी आहे, असं म्हणत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं पाडायला सुरुवात झाली, दोन दिवसांत दोन हजारांच्या वर गेली. नंतर आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन झाली, तीही भांडूनच. आता डोंगराच्या पोटातून दोन बोगदे, गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली. याबद्दल मी खरं सांगते, माझं मत पक्कं नाही. बहीण ठाण्याला राहते, भाऊबीजेला घोडबंदरवर पावणेदोन तास अडकले होते, ओवाळणीचं ताट मांडीवर, तेव्हा मनात म्हटलं होतं खणा बाबांनो एकदाचं. वर झाड तुटणार नाही म्हणतात. पण कातळातून पाणी कसं झिरपतं आणि बोगदा खणल्यावर ते कुठे वळेल हे ज्यांना कळतं त्यांनी आधी सांगावं, कारण त्या डोंगरातला पाण्याचा उतार कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी बोटाने चाचपून बघितला होता.

असो. एवढं सगळं ग्रुपवर काही टाकलं नाही. शेवटी एकच ओळ टाकली, की मागच्या गेटजवळचा ओल्या कचऱ्याचा डबा रात्री उघडा राहतो, त्याला झाकण करा आणि पंपरूमपाशी एक दिवा लावा. सेक्रेटरींचा अंगठा आला. पिंजरावाल्यांनी काही म्हटलं नाही, हात जोडणाऱ्यांनी हात जोडले. आणि लगेच खाली दुसरा मेसेज, उद्या पाइपलाइनचं काम आहे, पाणी सकाळी सहा ते साडेसहाच येईल, सगळ्यांनी भरून ठेवा.